गारेची धार

मराठीत ‘गार’ म्हणजे वळवाच्या पावसात आभाळातून पडते ती, आणि नदीच्या पात्रात, माळावर, शेताच्या बांधावर सापडते ती पांढरी कठीण गोटीही गारच. पहिली तळहातावर घेतली की पाणी होते. दुसरी पुरात घरंगळून कितीही गुळगुळीत झाली तरी झिजून संपत नाही. वागणुकीत दोघींचे काहीच जुळत नाही. पण दिसण्यात दोघी इतक्या सारख्या, की भाषेने त्यांना एकाच शब्दात बसवून टाकले. या बाबतीत आपण एकटे नाही. ग्रीकांनी स्फटिकाला ‘क्रिस्टालोस’ म्हटले, आणि त्या शब्दाचा अर्थ बर्फ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या 37 व्या भागात सरळच सांगतो, की स्फटिक म्हणजे अतिशय कडक गोठलेला बर्फ. पुढे तो लिहितो, की स्फटिक अनेक ठिकाणी मिळतो, पण हिंदुस्थानातला सर्वांत पसंतीचा. आणखी एक गोष्ट तो नोंदवतो: सारे संपल्याची बातमी आली तेव्हा सम्राट नीरोने रागाच्या भरात स्फटिकाचे दोन पेले फोडले, आणि फुटलेला स्फटिक कोणत्याही उपायाने सांधता येत नाही.

स्फटिकाचे भारतातले स्थान निराळे होते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळचा स्तूप उकरला, तेव्हा आत एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या. तांब्याच्या डबीत चांदीची, तीत दगडाची, दगडाच्या डबीत स्फटिकाची आणि स्फटिकाच्या डबीत सोन्याची. सर्वांत आत भिक्षापात्राचे मानलेले तुकडे होते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे हा ठेवा आहे. सोन्याला लागून स्फटिक ठेवायचा, हा क्रम ज्याने लावला त्याच्या मनात या दगडाची किंमत काय होती, हे वेगळे सांगायला नको.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने गार, स्फटिक, जांभळा याकूत, अकीक ही सारी एकाच घरातली भावंडे. सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, या हिशेबाने बांधलेले हे खनिज म्हणजे क्वार्ट्झ. भूखंडांच्या कवचात फेल्डस्पार सोडला तर याच्याइतके मुबलक दुसरे खनिज नाही. मोहसच्या मापावर त्याचे काठिण्य 7; म्हणजे सुरीचे पोलाद त्याच्यावर ओरखडा काढू शकत नाही, उलट तोच पोलादावर काढतो. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही. बाकीची खनिजे कुजून माती होतात तेव्हा मागे उरते ती बहुतेक ठिकाणी याचीच वाळू. आणि दुसरा गुण असा, की अभ्रकाचे जसे पापुद्रे सुटतात तसे याचे काही सुटत नाही. घाव बसला की शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार तुकडा उडतो आणि त्याची कड काचेइतकी धारदार असते.

1880 साली प्येर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवले, की क्वार्ट्झचा काप दाबला तर त्यावर वीज उमटते. मनगटावरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा इवलासा चिमटा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, तो याच गुणाच्या उलट्या वापराने. ही कथा बरीच सांगून झाली आहे, म्हणून मी ती इथेच सोडतो. मला धार आणि टिकाऊपणा या दोन गोष्टींच्या मागे जायचे आहे, कारण महाराष्ट्राचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा इतिहास त्यांच्याशी जखडलेला आहे.

गंमत अशी, की दख्खनच्या काळ्या दगडात क्वार्ट्झ घटक म्हणून जवळजवळ नाहीच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश त्या बेसॉल्टखाली आहे. या दगडात सिलिका निम्म्याच्या आसपास असते. पण ती फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनमध्ये अडकून पडलेली. मोकळा क्वार्ट्झ बनायला ती शिल्लकच राहत नाही. म्हणून घाटावरच्या नद्यांची वाळू काळपट. तळकोकणात सिंधुदुर्गात उतरलात की पुळण पांढरी होते, कारण तिथे बेसॉल्टच्या खालचे, त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले आहेत. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात तर काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांसाठी सिलिका वाळूच्या खाणी आहेत.

मग घाटमाथ्यावर गारगोट्या आल्या कुठून? लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत कोंडले गेले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले. त्यातली सिलिका भिंतीला धरून, केसाहून बारीक तंतूंच्या थरांनी साचत गेली. अशा सूक्ष्मकणी क्वार्ट्झला कॅल्सेडनी म्हणतात. त्यात रंगांचे पट्टे असले की तो अकीक. मध्ये जागा उरली तर तिथे पारदर्शक स्फटिकांचे सुळे वाढतात. घाटरस्त्याच्या नव्या कापात काळ्या दगडावर पांढरे डोळे दिसतात, ते याच पोकळ्यांचे (त्यातले निम्मे डोळे झिओलाइटचे असतात, हे हौशी संग्राहकांना कटू अनुभवाने कळते). भोवतालचा बेसॉल्ट कुजून काळी माती झाला की आतल्या गोट्या अखंड बाहेर पडतात आणि ओढ्याला लागतात. थोडक्यात, दख्खनच्या पठाराने आपली सर्वांत टिकाऊ वस्तू आपल्या पोकळ्यांतून घडवली.

माणसाने ती ताबडतोब ओळखली. प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा यांच्या काठच्या जुन्या पांढरीवर पावसाळ्यानंतर फिरताना मी अनेकदा पाहिले आहे: खापरांच्या तुकड्यांमध्ये पांढरट, दुधी, कधी मधासारख्या रंगाची दोन-तीन सेंटिमीटरची पाती चमकत असतात. बोटाने कड चाचपायचा मोह होतो आणि बोट कापते. तीन हजार वर्षे मातीत पडून धार बोथट झालेली नाही.

शिरूर तालुक्यातले घोड नदीकाठचे इनामगाव डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षे उकरले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी काढलेले हे गाव इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातले. त्या लोकांना तांबे माहीत होते. पण तांबे दुरून यायचे, महाग पडायचे. ते मण्यांना, बांगड्यांना, एखाद्या कुऱ्हाडीला वापरायचे. रोजचे कापणे, सोलणे, खरवडणे, कणसे खुडणे हे सारे कॅल्सेडनीच्या पात्यांवर. ही पाती काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गोटीच्या एका बाजूला दोन्हीकडून बारीक घाव घालून करवतीसारखा कणा तयार करायचा, मग टोकावर नेमका दाब द्यायचा. कण्याचे पहिले पाते सुटले की त्याच्या मागे सरळ धारा पडतात आणि मग एकामागून एक समांतर कडांची पाती उतरत जातात. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवली की विळा तयार. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. तांब्याच्या विळ्याला ही सोय नाही. ‘अश्मयुग संपले आणि धातुयुग आले’ असे आपण शाळेत शिकतो. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्याच्या हातात मात्र धातू येऊनही गार सुटली नव्हती, आणि माझ्या मते त्याचा हिशेब चोख होता.

गारेचा दुसरा घरगुती उपयोग अगदी काल-परवापर्यंत टिकला. धनगर, गुराखी, चिलीम ओढणारे म्हातारे यांच्या बटव्यात लोखंडाची चकमक, एक गारगोटी आणि थोडा कापूस असे. ‘चकमक’ हा शब्द तुर्की. ठिणगी गारेतून निघते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती लोखंडाची असते. कठीण गारेची कड पोलादाचा अतिसूक्ष्म कीस काढते आणि घर्षणाने तापलेला तो कीस हवेत पेट घेतो. गार स्वतः जळत नाही. बखरींत आणि आजच्या बातम्यांतही दोन तुकड्यांची ‘चकमक उडते’, ती याच बटव्यातून आलेली.

आता मण्यांकडे. खंबातच्या आखाताच्या टोकाशी लोथल आहे. तिथे सिंधू संस्कृतीच्या काळातला मणी घडवण्याचा कारखाना सापडला. सिंधच्या चान्हुदडोमध्ये 1935-36 साली अर्नेस्ट मॅके यांना तशीच कार्यशाळा मिळाली होती. इथे घडलेले लालभडक कार्नेलियनचे लांबट मणी इराकमधल्या उर येथील राजकबरींत लेनर्ड वूली यांनी काढलेल्या दागिन्यांत आहेत. कार्नेलियन म्हणजे लोहाचा अंश असलेला लाल अकीक. नुसत्या खाणीतून तो बहुधा पिवळट-तपकिरी निघतो. त्याला मंद आच दिली की आतल्या लोहसंयुगातले पाणी निघून जाते आणि रंग लालावर चढतो. हे त्या कारागिरांना चार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. असा दगड लांबीतून आरपार भोकायचा म्हणजे चेष्टा नव्हे. त्यांनी वापरलेल्या खास दगडी अणीला मॅके यांच्या नावावरून ‘अर्नेस्टाइट’ म्हणतात. जोनाथन मार्क केनोयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे भोक पाडून पाहिले, तेव्हा वेग पडला ताशी जेमतेम अडीच मिलिमीटर. दहा सेंटिमीटरचा मणी म्हणजे चाळीस तास नुसते भोक. घासणे आणि जिल्हई त्यानंतर.

पुढचा पुरावा लेखी आहे आणि तो थेट आपल्या अंगणातला. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. बॅरिगाझा, म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. पैठणहून भडोचला गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून, गोमेदवर्गी पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणात येतो, हेही तोच सांगतो. तगरहून येते ते कापड. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे फ्लीट यांनी 1901 साली दाखवून दिले.

रोमला हा दगड हवा होता तो अंगठ्यांसाठी. पट्टेदार दगडाच्या वरच्या थरात आकृती कोरली की खालच्या थराचा रंग उठून दिसतो, आणि मुद्रा उठवताना मेण दगडाला चिकटत नाही, अशी त्याची ख्याती प्लिनीनेच नोंदवली आहे. पत्रावर शिक्का मारणाऱ्या रोमन बोटावर पैठणच्या गाडीतून गेलेला खडा असणे अगदी शक्य कोटीतले.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मण्यांपुढे उभे राहिले की एक गोष्ट मला नेहमी खटकते. व्यापाराचा इतिहास आपल्याकडे आहे. बंदरांची नावे, वाटा, दिवसांची अंतरे, राजांची नाणी सारे आहे. कान्हेरीच्या एका लेखात सोपाऱ्याच्या एका मणिकाराचे दानही कोरलेले आहे. पण दान देणारा मणिकार म्हणजे पेढीवाला. चाळीस तास भोक पाडत बसलेला माणूस कुठल्याच लेण्याच्या भिंतीवर नाही. त्याची भेट घ्यायची तर लेख सोडून जिवंत कारागिराकडे जावे लागते, आणि तो आजही खंबातला आहे.

खंबातचा कच्चा माल भडोच जिल्ह्यात राजपीपळ्याच्या टेकड्यांजवळच्या रतनपूर भागातून येतो. तिथे अकीकाच्या गोट्या खड्डे खणून काढतात. टेकडीवर बाबा घोर या सिद्दी पिराचे ठाणे आहे. आफ्रिकी वंशाचे सिद्दी त्याला मानतात आणि अकीकाचा धंदा करणारेही. 1516 च्या सुमारास पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसाने याच भागातल्या लिमोदऱ्याच्या कार्नेलियनचे वर्णन केले आहे. खंबातचे मणी अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जात. एकोणिसाव्या शतकात त्यांना प्रतिस्पर्धी उभा राहिला तो जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनचा. तिथले कारागीर ब्राझीलचा स्वस्त अकीक आणून, रंगवून, आफ्रिकेच्या आवडीचे मणी करून पाठवू लागले.

खंबातची रीत संशोधकांनी बारकाईने टिपली आहे, कारण लोथलच्या ढिगाऱ्यातले तुकडे आणि आजचे तुकडे शेजारी ठेवून पाहता येतात. गोट्या आधी उन्हात वाळवायच्या, मग मातीच्या मडक्यात घालून गोवरीच्या किंवा भुशाच्या आचेत भाजायच्या. जमिनीत लोखंडाचा टोकदार खिळा तिरपा पुरलेला असतो. कारागीर गोटी त्या टोकावर टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका देतो. छिलका खालच्या बाजूने उडतो. ठोका कुठे द्यायचा आणि दगड कुठे फुटणार, या दोहोंतले अंतर त्याच्या हाताला पाठ असते. मग कुरुंदाच्या चाकावर घासणे. मग सुतार वापरतो तसला सामता, पण त्याच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कण्या. अर्धे भोक एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने. शेवटी जिल्हई, पूर्वी कातड्याच्या पिशवीत मणी भरून ती दोघांनी इकडून तिकडे लोटत राहायची, आता विजेवर फिरणारी पिंपे आली.

या साखळीत घासण्याच्या चाकाशी मला थांबायचे आहे. कोरड्या चाकावर अकीक धरला की पांढरी धूळ उडते. ती क्वार्ट्झच आहे, म्हणजे तिच्यात वर सांगितलेले दोन्ही गुण जसेच्या तसे आहेत. तिचे 10 मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यापर्यंत पोहोचतात (आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा). तिथे पहारा देणाऱ्या पेशी परका कण दिसला की तो गिळतात आणि जिरवतात. हा कण जिरत नाही. त्याच्या नुकत्या फुटलेल्या पृष्ठभागाने पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक फेरीत थोडा व्रण राहतो. वर्षांनुवर्षे असे चालले की मऊ फुप्फुसाच्या जागी घट्ट गाठी होतात आणि श्वास आत जायला जागा उरत नाही. काम सोडले तरी हे थांबतेच असे नाही, कारण कण आतच आहे. इनामगावच्या पात्याची धार तीन हजार वर्षे शाबूत ठेवणारा गुण तो हाच.

1870 साली इटलीच्या व्हिस्कोंती यांनी या रोगाला सिलिकोसिस हे नाव दिले. रोग त्याहून फार जुना. 1556 साली छापलेल्या खाणविद्येच्या ग्रंथात अग्रिकोलाने लिहिले आहे, की कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या गावी सात-सात नवरे केलेल्या बायका आहेत. धुळीने सातही गेले. मँचेस्टरच्या संग्रहालयातल्या एका इजिप्शियन ममीच्या फुप्फुसात वाळूचे कण आणि त्यांचे व्रण सापडले आहेत. इनामगावला दोनशेहून अधिक दफने निघाली. त्यांच्या दातांवरून बालपणीची उपासमार वाचता आली. दात आणि हाडे राहतात, फुप्फुस सर्वांत आधी जाते. इडार-ओबरश्टाइनचे घासकामगार ओल्या वालुकाश्माच्या मोठ्या चाकांपुढे पोटावर पालथे पडून काम करत. छातीच्या रोगाने तेही लवकर मरत.

आपल्याकडे या रोगाचे निदान बहुधा क्षय म्हणून होते. लक्षणे तीच: खोकला, दम, वाळत जाणे. सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो हेही खरे, त्यामुळे चूक लपून जाते. क्षयाची औषधे घेऊन माणूस पुन्हा चाकावर बसतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबातच्या अकीक कामगारांच्या छातीच्या तपासण्या केल्या आणि रोगाचे खरे नाव कागदावर आणले. 1997 साली क्वार्ट्झची श्वासातून जाणारी धूळ ही कर्करोगकारक म्हणूनही आंतरराष्ट्रीय यादीत गेली.

मणी हे तरी नाजूक काम. गोध्राच्या परिसरात काच उद्योगासाठी नुसती गार दळण्याचे कारखाने उभे राहिले. पिठाच्या गिरणीसारखे काम, फक्त पीठ क्वार्ट्झचे. तिथे मजुरीला आले ते मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार जिल्ह्यांतले आदिवासी तरुण. पाऊस नाही, शेत नाही, म्हणून काही महिन्यांसाठी आलेले. खाणकामगाराला हा रोग जडायला वीस वर्षे लागतात. गिरणीच्या धुळीत काही महिने पुरले. माणसे गावी परतली आणि एकेका घरातून दोघे-तिघे गेले. प्रकरण मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. मृत 238 कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत, अशी शिफारस आयोगाने 2010 साली केली आणि न्यायालयाचा आदेश 2016 च्या मे महिन्यात आला. हे 238 म्हणजे मोजता आलेले. हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराने आपण अमुक कारखान्यात होतो हे कसे सिद्ध करायचे, हा प्रश्न या खटल्यांत सारखा येतो. कान्हेरीच्या भिंतीवर न आलेल्या माणसाची आणि या मजुराची अडचण मला एकच वाटते. त्याचे काम जगभर पोहोचते, त्याचे नाव कुठल्याही वहीत नसते.

उपाय गूढ नाहीत. दगड ओला ठेवून घासला तर धूळ बसते. चाकाशेजारी हवा ओढून घेणारे नळकांडे बसवले तर ती नाकापर्यंत येत नाही. खंबातसाठी तसे यंत्र अहमदाबादच्या संस्थेनेच तयार केले. पण खंबातचे काम कारखान्यात चालत नाही, घरात चालते. चाक ओसरीवर किंवा अंगणात असते, शेजारी बायको भोके पाडते, पोरे तिथेच खेळतात, आणि धुळीला उंबरठा माहीत नसतो. मजुरी मिळते ती नगावर. चाक कारागिराचे, जागा कारागिराची, विजेचे बिल त्याचे. धूळ ओढणारा पंखा चालवला तर तो खर्चही त्याच बिलात चढतो, आणि मण्याचा भाव व्यापारी ठरवतो.